मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्याच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा, जास्तीचा, शिकवणाऱ्याच्या पायाशी. शिकणारा आपला ब्रेक विसरलाच, तर हा दुसरा कामाला येतो. मास्तरांची गावात ख्याती होती ती अशी, की त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर धूळ बसलेली असायची.

शिकणारा घामाघूम होऊन वळण घेत असायचा आणि मास्तर शेजारी पाय पसरून पुडीतले दाणे सोलत बसलेले असायचे. कुणी घाबरून "मास्तर, भिंत!" असं ओरडलं, तर ते भिंतीकडे बघायचेसुद्धा नाहीत. "भिंतीलाही जिवाची काळजी असते," म्हणायचे, "तुम्ही तुमची करा." काय असेल ते असो, पण त्यांच्या हाताखालची माणसं धडाधड पास व्हायची. काही जण तर म्हणायचे, मास्तरांना डुलकी लागली की आपण जास्त चांगलं चालवतो. मास्तरांना यात अपमान वाटत नसे. उलट ते मान डोलवायचे, आणि तेही डुलकीतच.

शाळा म्हणजे रस्त्याकडेची एक खोली आणि एक गाडी. गाडी मास्तरांची आणि बाकी सगळं त्यांच्या बायकोचं. फोन तीच घ्यायची, वेळा तीच ठरवायची, नापास होऊन रडत आलेल्यांना पाणी तीच द्यायची. खोलीवरचा फलक तिनंच रंगवला होता. गाडीच्या मागच्या काचेखालीही तिनं आपल्या हातानं लिहून ठेवलं होतं, "आत शिकाऊ माणूस आहे. तुम्हीही कधीतरी होतात." त्यामुळे मागून येणारे चिडायच्या आधी थोडा वेळ विचारात पडायचे.

आणि मग एका सकाळी ती गेली.

आजार नाही, दुखणं नाही, कसली पूर्वसूचना नाही. चहा झाला होता, मास्तर बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, आणि आतून हाक आली, "अहो, जरा इकडे या." मास्तर म्हणाले, "आलो." ते एका भोपळ्याची बातमी वाचत होते. कुठेतरी कुणीतरी एवढा थोरला भोपळा पिकवला होता की तो हलवायला क्रेन मागवावी लागली. क्रेन आली, पट्टा तुटला आणि भोपळा पुन्हा होता तिथेच जाऊन बसला. मास्तरांनी बातमी शेवटपर्यंत वाचली, स्वतःशीच हसले, आणि बायकोलाही दाखवू म्हणून पेपर हातात घेऊनच आत गेले. ती जमिनीवर पडली होती.

डॉक्टर आले. हृदय म्हणाले, आणखीही बरंच काही म्हणाले. मास्तरांच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. तिथे एकच शब्द घुमत होता, "आलो", आणि तो त्यांच्याच आवाजातला होता. भोपळ्याचं त्यांनी कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नाही. एवढं मोठं भोपळ्याएवढं ओझं माणूस कुठे लपवेल असं वाटतं, पण मास्तरांनी लपवलं.

ते लपलं, पण पाय लपेना.

पुन्हा कामाला लागल्यावर पहिल्याच दिवशी मास्तरांनी एका कुत्र्यासाठी ब्रेक दाबला. यात वावगं काही नाही, कुत्रं रस्त्यात होतं. दुसऱ्या दिवशी दाबला त्या वेळी कुत्रं एका घराच्या पायरीवर झोपलं होतं. मग कबुतरासाठी दाबला. मग वाऱ्यानं उडणाऱ्या पिशवीसाठी. मग एका झाडाच्या सावलीसाठी, कारण सावली हलली होती. दाण्याची पुडी खिशातच राहू लागली. गाडी दोन पावलं जायची आणि हिसका देऊन थांबायची, आत बसलेल्यांच्या माना पुढेमागे व्हायच्या, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, ही माणसं कुठल्याशा गोष्टीला सारखी होकार देत चालली आहेत. तिसरा गिअर म्हणून काही असतो हे नव्या मंडळींना नुसतं ऐकून माहीत होतं.

शिकणाऱ्यांना आधी बरं वाटलं. किती काळजी घेतात मास्तर! पण याचा परिणाम व्हायचा तोच झाला. सगळं थांबवायचं काम मास्तरच करत असल्यामुळे थांबवणं हा आपल्या अभ्यासाचा भाग आहे, हेच त्यांच्या डोक्यातून गेलं. सिग्नल लाल झाला की गाडी आपोआप थांबते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली.

दातांचे एक डॉक्टर होते. फार हुशार माणूस, हात अगदी स्थिर. परीक्षेच्या दिवशी त्यांनी मैदानाला सुरेख फेरी मारली, वळण घेतलं, आणि थांबायच्या पट्टीवरून, पलीकडच्या प्लास्टिकच्या छोट्या खांबांवरून आणि त्यापलीकडच्या कुंपणातून गाडी शांतपणे आरपार नेली. ती झुडपात अडकून बंद पडली तेव्हा त्यांनी शेजारी बसलेल्या परीक्षकसाहेबांकडे अतिशय दुखावलेल्या नजरेनं पाहिलं. म्हणाले, "तुम्ही दाबला नाहीत?"

साहेब केसांतली पानं काढत खाली उतरले आणि थेट मास्तरांकडे आले.

"मास्तर, तुम्ही माणसं शिकवता की पोती वाहता? हे काही पहिलेच नाहीत. त्या बँकेतल्या बाई, तो चष्मेवाला, सगळे असेच गेले."

"साहेब, ते जरा..."

"मला तुमचं दुःख कळतं. वहिनींच्या हातचं पाणी मीही प्यायलो आहे. पण आता पुढचा माणूसही असाच निघाला, तर शाळेचं लायसन्स मला काढून घ्यावं लागेल. मग फलक उतरवा."

पुढचा माणूस आणायचा कुठून, हाच प्रश्न होता. बातमी गावभर झाली होती. होते नव्हते ते सगळे पुलापलीकडच्या शाळेत गेले. दातांचे डॉक्टर तेवढे मास्तरांना जाता जाता म्हणाले, "तुमच्याबद्दल राग नाही हं," आणि रागावूनच गेले.

मास्तरांनी ही हकिगत घरी सांगितली ती सासूबाईंना. कारण घरात दुसरं कुणी नव्हतंच.

सासूबाई दूरच्या गावाहून लेकीच्या शेवटच्या दर्शनाला आल्या होत्या, त्या परत गेल्याच नव्हत्या. "पुढच्या आठवड्यात जाते हं मी," असं त्या दर आठवड्याला म्हणायच्या. मास्तर "हं" म्हणायचे, पण तिकिटाचं नाव काढायचे नाहीत. दोघांना जोडणारं माणूस गेलं होतं, आणि राहिलेल्या दोघांना एकमेकांशी बोलायची सवय नव्हती. मास्तर गप्प बसायचे आणि सासूबाई भांडी घासायच्या. त्यांनी एकदाही मास्तरांसमोर डोळ्याला पाणी आणलं नव्हतं. जे काही होतं ते त्या पातेल्यांवर काढायच्या. घासून घासून घरातली भांडी इतकी लख्ख झाली होती की दाढी करायला आरशाची गरज राहिली नव्हती.

मास्तरांची दोन खुळं मात्र त्यांच्या लक्षात आली होती. एक, ताटात भोपळ्याची भाजी दिसली की जावई काही न बोलता उठून जातो. दुसरं, आतून हाक मारायची सोय नाही. एकदा त्यांनी नुसतं "जावईबापू" म्हटलं, तर मास्तर एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, वाटेतली खुर्ची पाडून, स्टुलावरचं पाणी सांडून पांढऱ्याफटक चेहऱ्यानं दारात हजर. सासूबाईंना फक्त मीठ कुठे आहे ते विचारायचं होतं. तेव्हापासून त्यांनी हाक मारणं सोडून दिलं होतं. घट्ट बसलेलं झाकण त्या दाराच्या फटीत धरून उघडायच्या, पण हाक मारायच्या नाहीत.

परीक्षकसाहेबांचं बोलणं ऐकून सासूबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"फलक उतरवा म्हणाला?"

"हो, आई."

"माझ्या मुलीच्या हातचा?"

"तोच."

"मग मला शिकवा गाडी," सासूबाई म्हणाल्या. "मी बसते परीक्षेला."

सत्तरीला टेकलेल्या, अंगानं मूठभर, आणि आयुष्यात सायकलवरसुद्धा न बसलेल्या. मास्तरांनी परोपरीनं समजावून पाहिलं. पण सासूबाईंनी एकदा मनावर घेतलं की समजावणाऱ्याचीच समजूत काढायची वेळ येते.

स्टिअरिंगच्या वरून त्यांना रस्ता दिसेना. म्हणून लेकीच्या खुर्चीवरची उशी आणली आणि ती खाली घेऊन त्या बसल्या. आता रस्ता दिसत होता आणि तोंडावर पक्का निश्चय होता. "सुरू कशी करायची तेवढं सांगा. थांबवायचं मी बघते," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी ब्रेक दाबला.

"अहो, अजून सुरूही केली नाही."

"सवय आहे, आई."

पहिल्या दिवशी आपल्या गल्लीचं टोक गाठायला त्यांना अख्खी सकाळ लागली. एक गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन त्यांना ओलांडून गेले, भाजी घेतली, परत आले, पुन्हा ओलांडताना थांबले आणि वाकून म्हणाले, "मास्तर, गाडी बिघडली आहे की तब्येत?"

"जावईबापू, पाय काढा," सासूबाई म्हणाल्या.

"काढला."

"नाही काढलात. माझी मान सांगते आहे मला."

मास्तरांनी उपाय केले नाहीत असं नाही. पाय मुडपून त्यावर बसून पाहिलं, तर पायाला मुंग्या आल्या आणि मुंग्यांसकट तो ब्रेकवर गेला. एकदा तर उजवा पाय त्यांनी सीटला रुमालानं बांधून टाकला, तेव्हा आयुष्यात कधी कशात न पडलेला डावा पाय धावून आला. मास्तरांनी हात टेकले. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती, आणि ती गाडीत बसल्यावरची नव्हती. ती सकाळी उठल्यापासूनची होती. आपण पुन्हा उशीर करू आणि पुन्हा कुणीतरी जमिनीवर पडलेलं असेल, एवढी साधी भीती. तिच्यापुढे पाय बिचारा काय करणार?

त्याच आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला गेली. ती आणायला सासूबाई स्वतः गेल्या, आणि आल्या त्या पार उन्हं उतरल्यावर. मिस्त्री बरोबर होते. हे मिस्त्री मूळचेच भित्रे, त्यात आज त्यांच्या शर्टाची पाठ घामानं चिंब झाली होती. "सगळं व्यवस्थित आहे, मास्तर," ते म्हणाले आणि चहाही न घेता निघून गेले.

पण काम मात्र त्यांनी झकास केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मास्तरांचा ब्रेक लोण्यासारखा झाला. पाय ठेवला की पेडल अलगद खाली. गाडी भलतीकडे हिसके देईना. चौकात मास्तरांनी दाबला की गाडी चौकात थांबायची, फाटकापाशी दाबला की फाटकापाशी. बँकेच्या भिंतीजवळ आणि एकदा पोस्टमनच्या सायकलमागे मास्तरांनी अगदी ऐनवेळी प्रसंग वाचवला. सासूबाईंच्या मानेला हिसके बसणंही बंद झालं. मास्तरांना कित्येक दिवसांत पहिल्यांदा थोडं बरं वाटलं. एवढं खरं, की अधूनमधून पेडल तळाला जाऊनही गाडी मजेत पुढेच जायची. कबुतरं, पिशव्या, सावल्या असल्या बाबतीत तर नेहमीच.

मास्तरांनी मिस्त्रींना वाटेत गाठलं. "काय हो, हा ब्रेक कधी लागतो, कधी लागत नाही."

मिस्त्रींनी कपाळ पुसलं. "लागायला हवा तेव्हा लागतो ना?"

"तेव्हा लागतो."

"आणि नको तेव्हा?"

"तेव्हा नाही लागत."

"मग मास्तर, याहून चांगला ब्रेक मी तरी जन्मात पाहिला नाही," मिस्त्री म्हणाले आणि जवळजवळ पळत सुटले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी बाजाराचा उताराचा रस्ता धरला. सकाळची वेळ होती, दुकानं नुकतीच उघडत होती. लाकूडसामानाच्या दुकानापुढे टेम्पो उभा होता आणि दोन हमाल फळीवरून एक कपाट खाली उतरवत होते. दारावर पुरुषभर आरसा आणि खाली चाकं असलेलं भलंथोरलं कपाट. एका हमालाला शिंक आली. तेवढ्यात कपाट हातचं सुटलं, फळीवरून घरंगळलं आणि एखाद्या पाहुण्यासारखं रुबाबात रस्त्याच्या मधोमध चालत आलं.

मास्तरांनी डोळे गच्च मिटले आणि सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला.

गाडी थांबली. मास्तरांनी डोळे उघडले तर समोर वीतभर अंतरावर आरसा, आणि आरशात एक गाडी. गाडीत उशीवर ताठ बसलेल्या सासूबाई, आणि शेजारी दोन्ही हातांनी सीट धरून पाय ताणलेला एक घाबरलेला माणूस. त्या माणसाला ओळखायला मास्तरांना एक क्षण लागला.

"पाहिलंत?" मास्तर म्हणाले. "पाहिलंत ना आई? माझा पाय वेळेवर पडला म्हणून! नाहीतर आज..."

"उचला तो."

"काय?"

"पाय उचला, आणि खाली वाकून बघा."

मास्तर वाकले. पेडल होतं. पेडलाखाली एक बारकी स्प्रिंग होती. आणि स्प्रिंगच्या पुढे, जिथून दांडी निघून मुख्य ब्रेकला जाते, तिथे काही म्हणजे काहीच नव्हतं. दांडी काढून ठेवली होती आणि भोकाला मिस्त्रींनी नीटनेटकी चिंधी बांधली होती.

"हे कधीपासून?"

"सर्व्हिसिंगपासून."

मास्तरांचं धाबं दणाणलं. "म्हणजे तो चौक?"

"मी थांबवली."

"फाटक?"

"मीच."

"बँकेची भिंत? पोस्टमन? पोस्टमनला तर मी अगदी..."

"तुम्ही डोळे मिटले होते. दाबला मी." सासूबाईंनी हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत. "मिस्त्रींना मी मोकळ्या मैदानावर नेलं आणि दिवसभर नुसतं थांबायलाच शिकले. ते शेजारी बसून सगळ्या देवांची नावं घेत होते. माझा पाय बसल्याची त्यांची खात्री पटली, तेव्हाच त्यांनी दांडी काढली."

"आई, आपण मेलो असतो!" मास्तर ओरडले. "तुम्हाला काही झालं असतं तर? मी शेजारी असून? मी पुन्हा..." मग जे इतके दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं ते बाहेर पडलं, तेही भर बाजारात, कपाटासमोर. "तिनं हाक मारली होती, आई. जरा इकडे या म्हणाली होती. मी आलो म्हणालो आणि वाचत बसलो. भोपळ्याची बातमी होती. मी ती संपवली. हसलो. ती आत मरत होती आणि मी भोपळ्याला हसत होतो."

मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. मग बहुधा काचेखालचं वाचलं असावं, कारण पुन्हा वाजवला नाही.

सासूबाईंनी आरशातल्या त्या माणसाकडे पाहिलं.

"म्हणून तुम्ही भोपळा खात नाही होय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्या हातचा आवडत नाही."

"नाही, आई. तुमच्या हातचा प्रश्न नव्हता."

"ऐका. त्या दिवशी मी आले तेव्हा डॉक्टरांचा हात धरून सगळं विचारून घेतलं. आई आहे मी, मला विचारायचंच होतं. ते म्हणाले, दिवा मालवावा तसं झालं. शेजारी ते स्वतः उभे असते तरी काही करता आलं नसतं. हे तुमच्यासमोरही म्हणाले होते ते, पण तुम्ही होता कुठे तेव्हा?" त्यांनी मानेनंच मास्तरांच्या बाजूचं पेडल दाखवलं. "तुम्ही वेळेवर दाबला असतात, तरी पुढे दांडी नव्हती, जावईबापू. त्या सकाळीही नव्हती."

"पण तिनं हाक का मारली? तिला काहीतरी होत होतं म्हणूनच ना?"

"बरणीसाठी," सासूबाई म्हणाल्या.

"कसली बरणी?"

"दुसऱ्या दिवशी मी तिचा ओटा आवरला. कडेला साखरेची बरणी होती आणि झाकणाला फडकं गुंडाळलेलं होतं. निघालं नाही म्हणून तिनं तुम्हाला हाक मारली. मला फोनवर नेहमी सांगायची, आई, यांचं 'आलो' आधी येतं आणि हे मागाहून. चिडून नाही हो, हसून सांगायची. झाकणासाठी माणूस थांबतं. ती तुमची वाट बघत नुसती उभी होती, आणि तुम्ही येणार हे तिला माहीत होतं." इथे मात्र त्यांनी हात स्टिअरिंगवरून काढले. "मी उघडली ती बरणी. दाराच्या फटीत धरून उघडली. आणि एवढा राग आला मला त्या झाकणाचा."

इतक्या दिवसांत प्रथमच सासूबाई रडल्या, आणि मास्तरही रडले. आरशातले दोघं धरून चौघं रडत होते. हमाल जवळ आले, आत डोकावले आणि कपाटाला ओरखडासुद्धा नाही म्हणून दोघांना वारंवार सांगू लागले. त्यांना वाटलं, कपाटासाठीच चाललं आहे.

शेवटी कपाट बाजूला झालं. रस्ता मोकळा झाला तरी गाडी हलेना.

"काय झालं, आई?"

"माझे पाय लटपटतात," सासूबाई म्हणाल्या. "आतापर्यंत तुमच्यावरच्या रागानं चालवत होते. आता राग गेला आणि भीती वाटायला लागली. मला नाही जमणार."

मास्तरांनी नाक पुसलं. खिशात हात घातला, तर दाण्याची जुनी पुडी हाताला लागली. ती त्यांनी उघडली, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घालून बसले.

"क्लच दाबा. पहिला गिअर," ते म्हणाले आणि दाणा सोलू लागले. "हळूहळू सोडा. डावीकडे भिंत आहे, तिच्याकडे बघू नका. भिंतीलाही जिवाची काळजी असते."

गाडी निघाली. पुढच्या वळणावर मास्तरांनी डोळे मिटले नाहीत. भीती गेली नव्हती, ती शेजारी येऊन बसली होती आणि अधूनमधून दाणे मागत होती, पण पाय मांडीतून सुटला नाही.

तसेच ते मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी मास्तरांना येताना पाहिलं आणि गाडीखाली शिरले, ते दांडी पुन्हा जोडून झाल्यावरच बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर परीक्षकसाहेबांनी आधी उशी पाहिली, मग उशीवरच्या सासूबाई पाहिल्या, आणि केसांवरून हात फिरवत शेजारी बसले. बसले ते बसले, पण पाय त्यांनी गुपचूप जास्तीच्या ब्रेकवर नेऊन ठेवला. मास्तरांच्या शिकाऊंचा त्यांना अनुभव होता.

"साहेब," सासूबाई म्हणाल्या, "तो पाय मागे घ्या. मला थांबवता येतं."

मास्तर मैदानाच्या कडेला उभे होते. गाडीनं फेरी मारली, वळण घेतलं आणि ती पट्टीच्या दिशेनं येऊ लागली. मास्तरांचा उजवा पाय खालच्या मातीत रुतत गेला. गाडी पट्टीवर आली आणि थांबली, अगदी अलगद. साहेबांची मानसुद्धा हलली नाही. मग मास्तरांचं लक्ष खाली गेलं, आणि त्यांनी मातीतून बूट उपसून काढला.

फलक राहिला. संध्याकाळी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला, परत यायचं म्हणत होते, राग होता तोही आता नाही म्हणाले. शाळेचं लायसन्स आता वाचलं म्हणून सासूबाई "पुढच्या आठवड्यात जाते हं मी," म्हणाल्या, मास्तरही "हं" म्हणाले, आणि त्यावर दोघांपैकी कुणाचाच विश्वास बसला नाही. त्या भोपळा चिरायला आत गेल्या. मास्तर बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले. कुणाची तरी म्हैस एका घराच्या गच्चीवर चढली होती आणि ती तिथे गेली कशी हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

आतून हाक आली, कितीतरी दिवसांनी. "जावईबापू, जरा इकडे या. झाकण निघत नाही."

मास्तरांचा पाय जमिनीवर टेकला, खुर्ची करकरली. मग ते पुन्हा मागे टेकून बसले.

"आलो," ते म्हणाले, आणि म्हशीची बातमी संपवून उठले.